ऊन आणि उजेड : रोपांसाठी वापरावयाच्या एलईडी दिव्यांच्या तुलनेविषयी

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने दिव्यांविषयी लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांना काहीसे अनपेक्षित वाटेल. परंतु या विषयाकडे मी वळलो तो तीन खोक्यांवरील मजकुरामुळे, आणि मजकूर वाचणे हा तर आमचा व्यवसायच आहे. मागील श्रावणात मी वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील चांदीप या गावी मावशीकडे गेलो होतो. माझे मावसबंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, पावसाळा सरताच लावावयाची मिरची आणि वांगी यांची रोपे घरातच तयार करण्याच्या खटपटीत होते. बाहेर केलेले वाफे मुसळधार पावसाने दोनदा वाहून गेले होते. म्हणून त्यांनी जुन्या कोठारात फळ्यांची मांडणी उभारून तीवर रोपांचे ट्रे ठेवले होते आणि वर नऊ वॉटचे दोन घरगुती एलईडी दिवे टांगले होते. कोठार लख्ख उजळले होते. रोपे मात्र वीतभर उंच, फिकट आणि लुळी झाली होती. मावशी दारातूनच म्हणाली, "उजेड आहे रे, पण ऊन कुठं आहे?"

दादांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा की, आता रोपांसाठी मुद्दाम केलेले दिवे घ्यावयास हवेत. तीन प्रकारच्या दिव्यांची खोकी व माहितीपत्रके त्यांनी जमविली होती आणि पतपेढीच्या कर्जाचा अर्जही भरून ठेवला होता. "तू शब्दांचा डॉक्टर ना? मग हे वाचून सांग, यातला कुठला चांगला," असे म्हणून त्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. एका खोक्यावर लुमेन होते, दुसऱ्यावर नुसते वॉट होते, तिसऱ्यावर मायक्रोमोल प्रति ज्यूल असे एकक होते. तीन दिवे तीन निरनिराळ्या भाषांत बोलत होते, आणि त्यांची तुलना करावयाची तर प्रथम एका भाषेतून दुसरीत जाण्याचा मार्ग शोधणे भाग होते. तो मार्ग मावशीच्या वाक्यातच होता, हे मला पुढे उमगले.

मराठीत 'ऊन' आणि 'उजेड' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येत नाहीत. शब्दाचा अर्थ त्याच्या विरोधी शब्दावरून ताडून पाहण्याची आमच्याकडे रीत आहे. तीनुसार पाहता उन्हाचा विरोधी शब्द सावली आणि उजेडाचा अंधार. सावलीत उजेड असू शकतो, किंबहुना असतोच. चांदण्याचा उजेड पडतो, पण चंद्राचे ऊन पडत नाही. दिव्याचा उजेड असतो. दिव्याचे ऊन असा प्रयोग मी तरी ऐकलेला नाही. क्रियापदेही निराळी आहेत. उजेडात आपण पाहतो, वाचतो. ऊन मात्र लागते, आणि थंडीच्या दिवसांत मांजर ओट्यावर ऊन खात बसते. उजेड कोणी खात नाही. पाठ्यपुस्तकांतील 'प्रकाश' हा शब्द या दोहोंना एका छत्राखाली घेतो. भौतिकीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु ज्याला झाडासाठी दिवा निवडावयाचा आहे, त्याची या छत्राखाली फसगत होते. अर्थात 'ऊन' हा शब्द 'उष्ण' या संस्कृत शब्दापासून प्राकृत 'उण्ह' या रूपातून आलेला असून त्यात ऊब अनुस्यूत आहे. वनस्पतीच्या अन्ननिर्मितीशी त्या उबेचा थेट संबंध नाही, तेव्हा हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून जसाच्या तसा उचलता येणार नाही. भेद मात्र खरा आहे.

आता लुमेनचा विचार करू. दिव्यातून दर सेकंदास बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे हे एकक मनुष्याच्या डोळ्यावर आधारलेले आहे. डोळा सर्व रंगांना सारखाच प्रतिसाद देत नाही. दिवसाच्या उजेडात तो 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो आणि तांबड्या व निळ्या टोकांकडे त्याची संवेदना झपाट्याने घटते. या प्रतिसादाचा आलेख आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने 1924 साली प्रमाण म्हणून स्वीकारला, आणि आजही लुमेनची गणना त्यावरूनच होते. या आलेखाच्या शिखरावर एक वॉट प्रकाशऊर्जा म्हणजे 683 लुमेन. 660 नॅनोमीटरच्या गडद तांबड्या रंगात तीच एक वॉट ऊर्जा सुमारे 42 लुमेनच भरते. एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला म्हणजे एक लक्स झाला. तात्पर्य, लुमेन आणि लक्स ही उजेडाची मापे आहेत. घराघरांत पोहोचलेल्या एलईडी दिव्यांच्या खोक्यावर हीच छापलेली असतात, आणि ते घरासाठी उचितच आहे, कारण घरात डोळ्यांनी पाहणारी माणसे राहतात.

पानाची गोष्ट वेगळी. प्रकाशसंश्लेषण ही मोजून होणारी क्रिया आहे. हरितद्रव्याने टिपलेला प्रत्येक प्रकाशकण, ज्यास फोटॉन म्हणतात, एका इलेक्ट्रॉनला उद्दीपित करतो. तो कण निळा असल्यामुळे अधिक ऊर्जेचा असला, तरी जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून झाडासाठी प्रकाश मोजावयाचा तो कणांच्या संख्येने. ही संख्या प्रचंड असल्याने ती मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्ये, इतके कण. 400 ते 700 नॅनोमीटर या पट्ट्यातील कण धरावयाचे, असा संकेत आहे. (700 च्या पलीकडचे, 750 पर्यंतचे कणही इतर कणांच्या जोडीने तितकेच उपयोगी पडतात, असे प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाले असून ही सीमा पुढे सरकवावी की काय, याची चर्चा चालू आहे. शास्त्रीय संज्ञांच्या सीमाही बोलीभाषांच्या सीमांप्रमाणे कोणीतरी आखलेल्या असतात.)

या दोन मापांत अंतर किती पडते, हे एका उदाहरणावरून दिसेल. एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदास 100 मायक्रोमोल तांबडे कण, 660 नॅनोमीटरचे, पडत असतील तर लक्समापक सुमारे 750 दाखवील. तितकेच कण 555 नॅनोमीटरच्या हिरवट रंगाचे असतील तर तोच मापक जवळजवळ 14,700 दाखवील. कणसंख्या एकच, आणि उजेडात वीसपट फरक. सूर्यप्रकाशासाठी एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे 54 लक्स आणि घरगुती पांढऱ्या शुभ्र एलईडीसाठी ढोबळमानाने 70 लक्स, असा हिशेब धरतात. भर उन्हात दुपारी एक लाखाहून अधिक लक्स, म्हणजे सुमारे 2000 मायक्रोमोल मिळतात. दिवा लावलेल्या खोलीत 300 लक्स असले तरी आपणांस ती चांगली उजळलेली वाटते, आणि तेथे झाडाला चार-पाच मायक्रोमोलच मिळतात. आपला डोळा दोन्हींशी इतक्या सहज जुळवून घेतो की हा शेकडो पटींचा फरक त्याच्या ध्यानातही येत नाही. कोठारातील रोपे लुळी का पडली, याचे उत्तर या आकड्यांत आहे. पुरेसे कण न मिळालेले रोप त्यांच्या शोधार्थ उंच धावते आणि त्या धावण्यात खोडाची जाडी गमावते.

दादांच्या गठ्ठ्यातील दुसरा दिवा जांभळा होता. त्यात केवळ तांबडे व निळे डायोड होते. हरितद्रव्य हिरवा प्रकाश परावर्तित करते, सबब हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी, या शाळकरी अनुमानावर अशा दिव्यांची जाहिरात चालते. परंतु काचपात्रातील हरितद्रव्याचा अर्क आणि जिवंत पान यांत मोठा भेद आहे. पानाच्या आत प्रकाश पेशींवर आपटत, वळत अनेकवार फिरतो, आणि हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग अखेर शोषला जातो. के. जे. मॅक्री यांनी 22 प्रकारच्या पिकांच्या पानांवर तरंगलांबीगणिक मोजमापे करून 1972 साली जो आलेख प्रसिद्ध केला, त्यात तांबड्या पट्ट्यात शिखर असले तरी हिरव्याचा वाटा उपेक्षणीय नाही. जांभळ्या दिव्याखाली माणसाला पानावरील रोग किंवा पिवळेपणा नीट दिसत नाही, ही अडचण निराळीच. शेतकऱ्याला ती लहान नव्हे.

जांभळ्या दिव्याचे समर्थन करावयाचे तर ते निराळ्या मुद्द्यावर करता येते, आणि तेथे परिभाषेचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत या संदर्भात दोन भिन्न संज्ञा वापरतात. घेतलेल्या विजेपैकी किती टक्के ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडली, हे शुद्ध गुणोत्तर झाले. खर्चिलेल्या प्रत्येक ज्यूलमागे किती लुमेन वा किती मायक्रोमोल मिळाले, हे दुसरे माप झाले, आणि त्याला एकक असते. मराठीत दोन्हींस सरसकट 'कार्यक्षमता' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हिंदीतून आलेली 'दक्षता' तर आणखीच घोटाळा करते. 'ऊर्जा दक्षता ब्यूरो' हे नाव वाचून मराठी वाचकाला प्रथम चोरांवर नजर ठेवणारी दक्षता समिती आठवते, कारण आपल्याकडे दक्ष म्हणजे सावध. मला असे सुचवावेसे वाटते की, पहिल्या मापास कार्यक्षमता म्हणावे आणि दुसऱ्यास 'उतारा'. साखर कारखान्यांच्या प्रदेशात उतारा हा शब्द शेतकऱ्याच्या जिभेवर आहे. उसाचा एकरी उतारा आणि उसापासून साखरेचा उतारा असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. टाकलेल्या ज्यूलमागे प्रकाशकणांचा उतारा किती, असे म्हटले की दादांनाही ते तत्काळ समजले.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, याचा दाखला पाहा. निळ्या कणात ऊर्जा अधिक, तांबड्यात कमी. म्हणून एक ज्यूल संपूर्णपणे प्रकाशात रूपांतरित झाला तर 450 नॅनोमीटरचे निळे कण 3.76 मायक्रोमोल मिळतील आणि 660 नॅनोमीटरचे तांबडे 5.52. कुसुमा, पॅटिसन आणि बगबी यांनी 2020 साली घेतलेल्या आढाव्यानुसार उत्तमातील उत्तम निळ्या डायोडची कार्यक्षमता 93 टक्के, तर तांबड्याची 81 टक्के होती. गुणाकार केला की निळ्याचा उतारा 3.5 मायक्रोमोल आणि तांबड्याचा सुमारे 4.5 येतो. कार्यक्षमतेत मागे असलेला तांबडा डायोड उताऱ्यात पुढे जातो. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच डायोड असून त्यावरील लेप काही निळे कण शोषून पिवळे-तांबडे कण देतो. या देवघेवीत थोडी गळती अपरिहार्य असते. म्हणूनच पांढऱ्यांच्या जोडीस काही तांबडे डायोड बसविण्याची पद्धत आज रूढ होत आहे.

एलईडी म्हटला म्हणजे इतर सर्व दिव्यांहून सरस, हा समजही तपासून घ्यावा. दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी 1962 साली बनविला; तेजस्वी निळा डायोड साधण्यास पुढे तीन दशके लागली, आणि त्या कार्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, त्याच वर्षी नेल्सन आणि बगबी यांनी हरितगृहांतील दिव्यांची जी तौलनिक मोजणी प्रसिद्ध केली, तीत सर्वोत्तम एलईडी आणि सर्वोत्तम उच्चदाब सोडियम दिवे यांचा उतारा जवळजवळ सारखाच, प्रति ज्यूल 1.66 ते 1.70 मायक्रोमोल आढळला. प्रतिदीप्ती नळ्यांचा सर्वोत्तम उतारा 0.95 होता. सोडियम दिवा तेव्हा किमतीने पुष्कळच स्वस्त पडत होता. त्यानंतरच्या दशकात एलईडी वेगाने पुढे गेले. अमेरिकेतील डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम ही संस्था रोपांच्या दिव्यांची पात्रता-यादी ठेवते. तिने 2023 पासून किमान उतारा 2.30 ठरविला. तेव्हा दहा वर्षांपूर्वीची तुलना आज उद्धृत करताना तिचे साल सांगितलेच पाहिजे.

येथे एक अपवाद नोंदविणे अगत्याचे आहे. हरितगृहात शेवंती घेणारे शेतकरी रात्री काही तास दिवे लावतात, ते रोपांना अन्न मिळावे म्हणून नव्हे. शेवंती लांब रात्रीची खूण ओळखून फुलावर येते. रात्र मध्येच तोडली की ती फुलणे लांबणीवर टाकते आणि दांडा वाढू देते. दिवसमानाचा हा परिणाम गार्नर आणि ॲलार्ड यांनी 1920 साली मांडला. अशा ठिकाणी अगदी थोडे, पण योग्य तांबड्या रंगाचे कण पुरतात. तेथे प्रकाश अन्न नसून संकेत असतो, आणि संकेताची मात्रा उताऱ्याने मोजणे व्यर्थ होय. एका पिकाचा दिवा दुसऱ्याला चालेल असे गृहीत धरणाऱ्या माहितीपत्रकांत हा विवेक क्वचितच आढळतो.

आता दादांच्या हिशेबाकडे वळू. जांभळ्या दिव्यावर ठळक अक्षरांत '1000 वॉट' असे छापले होते. माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक टाइपात प्रत्यक्ष वीजखर्च 110 वॉट दिला होता. पहिला आकडा कशाचा, याचा खुलासा कोठेही नव्हता, आणि मायक्रोमोल तर नव्हतेच. ज्यास अशी शंका येईल त्याने घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून विजेच्या मीटरवरील लाल दिव्याची उघडझाप मोजावी. मीटरवर प्रति युनिट 3200 पल्स असे लिहिलेले असेल तर शंभर वॉटच्या उपकरणास पंधरा मिनिटांत 80 वेळा उघडझाप होईल. ही परीक्षा फुकट आहे. ज्या दिव्याच्या खोक्यावर ना लुमेन ना मायक्रोमोल, त्याची तुलना करण्याचा मार्गच राहत नाही. तो मी बाजूस ठेवला.

उरले दोन. एक साधी पांढरी एलईडी नळी, 20 वॉट, 2000 लुमेन. सत्तराने भागिले असता सुमारे 28.6 मायक्रोमोल, म्हणजे उतारा 1.43. दुसरा महागडा, पांढऱ्या-तांबड्या डायोडांचा, उतारा 2.6. भाजीच्या रोपांसाठी 200 मायक्रोमोल, रोज चौदा तास, हे प्रमाण चांगले मानता येईल. एक चौरस मीटरची फळी घेऊ आणि दिव्यातून निघालेल्या कणांपैकी तीन चतुर्थांश फळीवर पडतात असे धरू, म्हणजे दर सेकंदास 267 मायक्रोमोल निर्माण करावयास हवेत. साध्या नळ्यांनी हे साधावयाचे तर 187 वॉट लागतील, म्हणजे नऊ-दहा नळ्या; महागड्या दिव्याने 103 वॉट. फरक 84 वॉटचा, चौदा तासांत 1.18 युनिट. दादांना रोपे वर्षातून साठ दिवसच करावयाची आहेत. वर्षाकाठी 71 युनिट वाचतील. हिशेबापुरता दर युनिटला दहा रुपये धरला, तर सुमारे सातशे रुपये. हीच मांडणी बारा महिने चालविणाऱ्यास 430 युनिट, म्हणजे चार हजारांवर रुपये वाचतील, आणि त्याने महागडा दिवा घेणे शहाणपणाचे ठरेल. उतारा तोच, वर्षातील दिवस निराळे म्हणून निवड निराळी.

मी हा कागद दादांपुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "बाहेर ढग असतात तेव्हा किती असतं?" हा प्रश्न मला सुचावयास हवा होता. पावसाळी ढगाखाली उघड्यावर दिवसा सामान्यतः दहा ते वीस हजार लक्स असतात. मध्यम पंधरा हजार धरले तर चोपन्नाने भागून सुमारे 280 मायक्रोमोल येतात; हे आमच्या दहा नळ्यांपेक्षा अधिक, आणि त्यास वीज लागत नाही. नऊ तासांत चौरस मीटरवर नऊ मोल कण जमतात. कोठारातील चौदा तासांत दहा जमले असते. मग रोपांना कोठारात नेण्याचे कारण काय? ऊन कमी होते म्हणून ती आत नेली नव्हती, पावसाचा मार लागत होता म्हणून नेली होती. मार चुकवावयास दिवा नको, छप्पर हवे.

कर्जाचा अर्ज मागे घेतला गेला. दादांनी बांबूच्या मांडवावर पारदर्शक कागद चढविला, खाली जमिनीपासून दोन हात उंच फळ्या केल्या आणि कोठारातील ट्रे तेथे हलविले. पारदर्शक कागद काही कण अडवितो, शेवाळ धरला की अधिक अडवितो, म्हणून तो पंधरवड्याने धुवावा असे ठरले. काळ्याकुट्ट दिवसांसाठी सहा साध्या नळ्या त्यांनी घेतल्या. त्या रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर अंतरावर, दोरीने वरखाली करता येतील अशा टांगल्या आहेत. नळ्यांच्या जोडांवर पाणी ठिबकू नये म्हणून वर पत्र्याची पन्हळ बसविण्याचे काम मी परतलो तेव्हा चालू होते.